रात्रीची वीज कुठून येते, हे ग्राहकाला सांगा

मे महिन्यातली भर दुपार. पाटण तालुक्यातल्या एका गावात निवृत्त गुरुजींच्या गच्चीवर उभा होतो. तीन किलोवॉटच्या पॅनलना हात लावला तर चटका बसत होता आणि खाली स्वयंपाकघरात पंखा बंद! गावाचा फीडर ट्रिप झाला होता. जिन्यातल्या इन्व्हर्टरवर लाल दिवा लुकलुकत होता. गुरुजी म्हणाले, "अहो, एवढं ऊन पडलंय, वर माझंच सोलर आहे आणि माझ्याच घरात लाइट नाही?"

इन्व्हर्टर बिघडला नव्हता. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर व्होल्टेज आणि ५० हर्ट्झचा ठेका ग्रिडकडूनच घेतो. ग्रिड गेलं की त्याने बंद पडायलाच हवं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. हे आपल्या सोलर बसवण्याच्या धंद्यात प्रत्येकाला पाठ आहे. गुरुजींना मात्र ते सोलर बसवताना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, "आता लाइट गेली तरी चिंता नाही." एका वाक्याने त्यांचा आपल्या सगळ्यांवरचाच विश्वास उडाला, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्टही त्यांना अशीच अर्धवट सांगितली होती. दिवसा साठवायचं, रात्री वापरायचं, असं त्यांनी धरलं होतं. बॅटरी नसेल तर साठवायचं कुठे? स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांच्या गच्चीवर बारा-तेरा युनिट तयार होतात. घरात लागतील तेवढी वापरून उरलेली त्याच डीपीवरच्या शेजाऱ्यांकडे जातात. संध्याकाळी सातला दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात तेव्हा पॅनल शून्यावर असतात. ती वीज राज्याच्या ग्रिडमधून येते, म्हणजे मुख्यतः कोळशाची. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. संध्याकाळचा भार एकदम चढला की कोयनेची मदत होते. कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरून पोफळीकडे जनित्रं फिरवतं. धरण गुरुजींच्याच तालुक्यात आहे, तरी हा धागा त्यांना कोणी जोडून दाखवला नव्हता. नेट मीटर फक्त आलेल्या-गेलेल्या युनिटांचा हिशेब ठेवतं.

हे सांगितल्याने सोलरचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही. दुपारी गच्चीवरून निघालेल्या प्रत्येक युनिटमागे तेवढा कोळसा जळायचा वाचतो, हे खरंच आहे. म्हणून तर पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, घरगुती गिरणी दुपारी चालवा, असं आपण घरातल्या बायामाणसांना बसून समजावलं पाहिजे. बिल पुरुषांच्या नावावर असलं, तरी कुठलं बटण कधी दाबायचं हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.

सबसिडीचंही तसंच. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात. म्हणून महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घरालाही तीन किलोवॉट गळ्यात मारलं जातं. वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आणि ग्राहक भरतो तो दर यांत किती फरक असतो, ते आपल्याला माहीत आहे. गुरुजींसारखा माणूस फंडाचे पैसे घालतो. त्याला बारा महिन्यांची बिलं मागा, दिवसभराचा वापर तासातासाने लिहून काढा आणि मगच किलोवॉटचा आकडा ठरवा. गावात लाइट वारंवार जात असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा पर्याय तिच्या खऱ्या किमतीसह आणि आयुष्यासह समोर ठेवा. नको म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय.

माझी विनंती एवढीच आहे. बॅटरीशिवायच्या यंत्रणेचं पुढचं कोटेशन द्याल तेव्हा पहिल्याच पानावर ठळक मराठीत लिहा: "लाइट गेल्यावर ही यंत्रणा बंद राहील. रात्रीची वीज ग्रिडमधूनच येईल." ते ग्राहकाला वाचून दाखवा आणि त्याखाली आधी आपली सही करा.