दुसऱ्याच्या खांद्यावरील क्रूस

दुःखातून माणसाची आध्यात्मिक वाढ होते, ही ख्रिस्ती श्रद्धेची जुनी आणि खरी शिकवण आहे. परंतु ती कोणी, कोणाला आणि केव्हा सांगावी, याचा विवेक आम्ही धर्मगुरूंनी गमावला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रायश्चित्तकाळ आला की आमच्या प्रवचनांतून दुःखाचा गौरव सुरू होतो. समोर बसलेला कर्ज घेणारा आहे की व्याज घेणारा, याची आम्ही चौकशी करीत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट परिसरात एका घरी आम्ही सांत्वनासाठी गेलो होतो. घरच्या तरुण शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. सवयीने आमच्या तोंडून शब्द निघाले, "देवाची इच्छा." कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईने मान वर करून विचारले, "फादर, कर्ज देवानं देल्लं व्हतं काय?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

हे एकाच घराचे दुःख नाही. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यांपैकी बुलढाण्यासह पाच जिल्हे अमरावती धर्मप्रांतात मोडतात. पावसाच्या भरवशावरची शेती, बियाण्यांचा व खतांचा वाढता खर्च, पडलेले भाव आणि व्याज ही तेथील संकटाची कारणे. यांपैकी पाऊस तेवढा आभाळातून येतो. बाकीचे सारे माणसांच्या हातचे. माणसांनी लादलेल्या ओझ्याला क्रूस म्हणणे ही देवाची निंदा होय.

कोणी म्हणतील, क्लेशांतून धीर व धीरातून आशा निर्माण होते, असे संत पौलच सांगत नाहीत काय? सांगतात, पण ते स्वतः फटके खाल्लेले, तुरुंग भोगलेले पौल सांगतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्या देहावर १९८१ च्या गोळीबाराच्या खुणा होत्या. तरीही त्या पत्राचा एक संपूर्ण भाग त्यांनी दयाळू शोमरोन्याला दिला. स्वतःच्या जखमेविषयी जे बोलता येते, ते दुसऱ्याच्या जखमेविषयी बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. ईयोबाच्या मित्रांनी तो अधिकार घेतला आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून स्वतः बोटही न लावणाऱ्या धर्मपंडितांना प्रभूने काय सुनावले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

त्या घरातील मृताविषयी 'श्रद्धा कमी पडली' असेही कुजबुजले गेले. ख्रिस्तसभा असे म्हणत नाही. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारणारा जुना नियम १९८३ च्या धर्मविधिसंहितेत उरलेला नाही. तीव्र मनोवेदनेने माणसाची जबाबदारी उणावते व अशा जिवाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ शिकवितो. ख्रिस्तसभेने जो दगड खाली ठेवला, तो आपण का उचलावा?

मग दुःखातून वाढ होते ती कोणाची? कुरेनेकर शिमोनाकडे पाहावे. तो शेताकडून येत होता. त्याला कोणी प्रवचन दिले नाही. दुसऱ्याचा क्रूस त्याच्या खांद्यावर आला आणि त्याने तो वाहिला. शेतकऱ्याच्या मरणानंतर शासकीय मदत हवी असेल, तर कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. खासगी हातउसने तेथे गणले जात नाही. हे आम्ही सेमिनरीत शिकलो नव्हतो. त्या घरच्या सुनेबरोबर सातबारा आणि कर्जाचे कागद जुळविताना शिकलो. देवाविषयी त्या दिवसांत जे उमगले, ते तीस वर्षांच्या प्रवचनांत उमगले नव्हते.

म्हणून आमच्या धर्मबंधूंना आमची विनंती आहे. येत्या प्रायश्चित्तकाळात दुःखावर बोलण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका कर्जबाजारी घराचा उंबरठा ओलांडावा. तेथे काही बोलू नये. कागद पाहावेत, त्या घरासोबत कचेरीत जावे. परतल्यावर प्रवचन सुचलेच, तर ते स्वतःविषयी करावे.