तयार मिळतं की!

"तयार मिळतं की!" हे तीन शब्द ज्यानं मराठीत पहिल्यांदा उच्चारले, त्या गृहस्थाला मला एकदा भेटायचं आहे. मारामारी करायची नाही. माझं वय आणि प्रकृती, दोन्ही त्या कामाला नालायक आहेत. फक्त विचारायचं आहे की, बाबा रे, तयार मिळालेली वस्तू मोडल्यावर तू काय करतोस?

आमच्या जुन्या गाडीच्या रेडिओची काडी मोडली. कुणी मोडली हे सोसायटीतल्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे, म्हणजेच कुणालाच ठाऊक नाही. बुंधा तेवढा शिल्लक होता. रेडिओ पुण्यातल्या पुण्यात भजी तळल्यासारखा आवाज करू लागला. मी दुकानात गेलो. दुकानदारानं बुंध्याकडे डॉक्टर जुनाट खोकल्याकडे पाहतात तसं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे आता येत नाही. अख्खा सेट बदला. नाहीतर हे लावा." 'हे' म्हणजे टपावर बसवायचा माशाचा कल्ला. नव्या गाड्यांना असतो तसा. "दिसतो झकास," असंही तो म्हणाला. त्यानं ऐकू येण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

कल्ला उघडून पाहिला. आत काहीही नव्हतं. तार नाही, स्क्रू नाही, माशाचा काटासुद्धा नाही. खाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, वर प्लॅस्टिक, आत पोकळी. नव्या गाड्यांच्या खऱ्या कल्ल्यांत अँटिना असते, ती आखूड पडते म्हणून जोडीला छोटा अँप्लिफायरही असतो. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण नुसती अँटिना असल्याचा भास विकत मिळावा, आणि लोकांनी तो हौसेनं टपावर चिकटवून हिंडावं? कवळी चष्म्यासारखी खिशाला लावून फिरण्यातलाच हा प्रकार!

त्याच रात्री मी जाहीर केलं, "अँटिना मी करणार. तांब्याच्या नळीची."

"तयार मिळते की, भाऊजी!" मेहुणे म्हणाले. मेहुण्यांना देवानं तेवढ्यासाठीच आमच्याकडे जेवायला पाठवलेलं असतं.

यात विद्वत्ता काही नाही, पाचवीचा भागाकार आहे. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. एफएमचा पट्टा साधारण ८८ ते १०८. मधला १०० धरला की लहर ३ मीटरची. तिचा पाव हिस्सा ७५ सेंटिमीटर. धातूच्या काठीत हिशेब थोडा आखडतो, म्हणून शेकडा पाच वजा करायचे. उरले ७१. बस. गाड्यांच्या जुन्या काड्या हातभर ते दीड हात का असायच्या, याचं कोडं मला तेव्हा उलगडलं. मीडियम वेव्हला हाच न्याय लावला तर पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झला पाव लहर भरते जवळजवळ ९५ मीटर. कुतुबमिनार आणून टपावर उभा केला तरी २२ मीटर कमी पडेल. तिथे आखूड काडीवरच भागवून घ्यावं लागतं.

नळी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाली. पाव इंची, तीन मीटर, वेटोळं घातलेली. ही नळी मऊ असते, हाताने वाकते आणि वाऱ्यानंही वाकते. ती सरळ कशी करायची, हा प्रश्न आमच्या हिनं सोडवला. नळी फरशीवर ठेवली, वर जेवायचा पाट ठेवला आणि पोळी लाटावी तशी मागे-पुढे लाटली. पाच मिनिटांत नळी सुतासारखी सरळ. "अभियांत्रिकी म्हणतात ती हीच ना?" असं तिनं वर विचारलं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पूर्वी घरोघर ठोके ऐकू यायचे. तांबं ठोकलं की कडक होतं आणि तापवलं की पुन्हा मऊ पडतं, हे तिथल्या पोराला मिसरूड फुटण्याआधी कळायचं. आम्ही पदव्या घेऊन बसलो आणि आम्हाला हे पासष्टीला कळलं.

नुसतं लाटून वारा सोसेल इतका कडकपणा येईना, तेव्हा मी आत मोडक्या छत्रीची काडी सरकवली. मेहुणे आनंदले. "आत लोखंड घातलंत! मग तांब्याचा उपयोग काय?" त्यांना वाटलं, सापडला. तर मुद्दा असा, की एवढ्या कंपनसंख्येला वीज नळीच्या आतून जातच नाही. ती बाहेरच्या कातडीवरून धावते, आणि ही कातडी केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. आत छत्रीची काडी असो, नाहीतर उसाचा रस असो, तिला पत्ता लागत नाही. सांगून टाकतो, की तांबंच पाहिजे असंही नाही. ॲल्युमिनियम चालतं, पितळ चालतं. पण तांब्याला डाख चटकन बसतो. म्हणजे बसायला हवा. माझा बसेना, कारण तांबं उष्णता अशी पळवतं की माझी पेन्सिलीएवढी कैया नुसती घाम गाळत राहिली. शेवटी नळीचं टोक गॅसवर धरलं, राळ लावली, कथील वितळलं.

बुंध्याच्या भोकात प्लॅस्टिकचा तुकडा बसवून नळी पत्र्यापासून अलग ठेवली, केबलची मधली तार नळीला आणि बाहेरची जाळी पत्र्याला जोडली. रेडिओ लावला. खर्रर्र! आधी भजी तळली जात होती, आता गिरणी सुरू झाली. इंजिनचा प्रत्येक ठोका ऐकू येत होता. मेहुणे काही बोलले नाहीत. ते फार लागलं.

दोन दिवसांनी पहाटे अंथरुणात डोक्यात प्रकाश पडला. जाळी पत्र्याला नव्हे, पत्र्यावरच्या रंगाला टेकली होती! पाव लहरीची काडी ही अर्धीच अँटिना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. मी सुरी घेऊन खाली गेलो आणि रुपयाएवढा रंग खरवडला. शेजारी गॅलरीतून "अहो, काय करताय!" असं किंचाळले. रेडिओ लावला, आणि निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू आला.

पूर्वी खेड शिवापूरला दगा देणारं स्टेशन आता शिरवळपर्यंत साथ देतं. घाटात मात्र जातं. एफएमची लहर सरळ चालते, डोंगर ओलांडत नाही. हे मी आधीच कबूल करतो, नाहीतर मेहुणे सांगतील.

पण त्यांचा खरा आक्षेप निराळा आहे. "मोबाइलवर हवं ते गाणं मिळतं, रेडिओ ऐकतो कोण?" हवं ते मिळतं, हीच तर तक्रार आहे! हवं तेच मिळत गेलं तर जे हवंसं वाटेल हे ठाऊकच नव्हतं, ते माणसानं कुठे ऐकावं? शिवाय मोबाइलवर मी काय ऐकलं, कितीदा ऐकलं, अर्ध्यात कुठे सोडलं, याची नोंद कुणीतरी ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तसलंच आणखी पुढे वाढतं. रेडिओला मी आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. या वयात इतकं निर्हेतुक कुणी आपल्याशी बोलत असेल, तर त्याच्यासाठी ७१ सेंटिमीटर नळी कापणं मला जड नाही.

आणि 'तयार मिळतं' म्हणणाऱ्यांनी जगदीशचंद्र बोसांची उपकरणं पाहावीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात या माणसानं विद्युतलहरींच्या अभ्यासासाठी तागाचा पीळ वापरला. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत कथलाचे वर्ख घालून त्याचंही उपकरण केलं. त्यांच्या घरी मेहुणे जेवायला येत नसावेत.

नळी आता काळवंडली आहे. दसऱ्याला हिनं देवाच्या भांड्यांबरोबर तिलाही चिंच लावली आणि झेंडूची माळ घातली. माळ ओली होती तोवर स्टेशन जरा घसरलं, मग सुधारलं. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, माझ्या गाडीला कराल?" मी मोजपट्टी त्याच्या हातात दिली. तो अजून भागाकारावर अडला आहे.

सव्वादोन मीटर नळी माळ्यावर शिल्लक आहे. ज्याला हवी त्यानं सुरी आणि मोडकी छत्री घेऊन यावं. पाट आमच्याकडे आहे. तयार करून मात्र मिळणार नाही.