सभेंतील शब्द आणि दप्तरांतील शब्द

पुढाऱ्यानें सभेंत एक बोलावें आणि अधिकाराच्या खुर्चीवर बसल्यावर दुसरेंच करावें, यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. मांडवीच्या धक्क्यावर सायंकाळीं जमणाऱ्या मंडळींत या विषयाची जी चर्चा चालते तिचा शेवट बहुधा ‘हे सारे खोटेंच बोलावयाचे’ या उद्गारानें होतो. हा निकाल सोपा आहे. परंतु आमच्या मतें तो अपुरा आहे. मुरलेला पुढारी उघड असत्य क्वचितच बोलतो. तो खरें तेंच बोलतो, पण अर्धें बोलतो. ज्या अटीवर आणि ज्या मुदतीपर्यंत तें खरें राहावयाचें, ती अट व ती मुदत तो स्वतःजवळ ठेवतो.

याचे दाखले शोधण्यास रत्नागिरीकरांस दूर जावयास नको. एक उत्तरेस गुहागर तालुक्यांत आहे, दुसरा दक्षिणेस राजापूर तालुक्यांत.

१९९३ सालीं, शरद पवार मुख्यमंत्री असतांना, राज्य वीज मंडळानें एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशीं वीजखरेदीचा करार केला. १९९५ च्या निवडणुकींत शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांनीं हा प्रकल्प अरबी समुद्रांत बुडविण्याची भाषा केली, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनीं करार रद्दहि केला. येथवर उक्ति आणि कृति यांचा मेळ होता. परंतु नोव्हेंबरांत फेरवाटाघाटी सुरू झाल्या, आणि १९९६ च्या जानेवारींत तोच प्रकल्प पुन्हा मान्य झाला. दर कमी करून घेतला असें सरकारनें सांगितलें. मात्र पहिला टप्पा ६९५ वरून ७४० मेगावॉटवर गेला, आणि पूर्वीं मंडळाच्या इच्छेवर असलेला दुसरा टप्पाहि करारांत आला. २००१ च्या मे महिन्यांत, ही वीज परवडत नाहीं म्हणून, मंडळानें ती घेणें थांबविलें. प्रकल्प समुद्रांत बुडाला नाहीं. बुडालें तें वचन.

राजापुरांतील कथा याहून गुंतागुंतीची आहे. नाणारच्या नियोजित तेलशुद्धीकरण कारखान्याविषयीं २०१८ च्या एप्रिलमध्यें उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनीं तेथील सभेंत जमिनीची अधिसूचना रद्द झाल्याचें जाहीर केलें. मंत्र्यास तसा अधिकारच नाहीं, असें मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं त्याच दिवशीं सांगितलें. एकाच मंत्रिमंडळाचीं हीं दोन तोंडें! पुढें २०१९ च्या फेब्रुवारींत दोन्ही पक्षांची युति जुळली, आणि मार्चमध्यें, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, अधिसूचना खरोखरच रद्द झाली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत फडणवीस यांनीं राजापुरांत फेरविचाराची गोष्ट काढली. २०२२ च्या जानेवारींत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं पंतप्रधानांस पत्र लिहून याच तालुक्यांतील बारसूची सुमारें १३,००० एकर जागा सुचविली. सत्ता गेल्यावर २०२३ च्या मे महिन्यांत तेच बारसूस येऊन विरोधकांच्या बाजूनें उभे राहिले. लोकांच्या इच्छेविरुद्ध प्रकल्प लादावा असा आपला हेतु नव्हता, असा त्यांचा खुलासा. तिकडे, ज्यांनीं नाणारची अधिसूचना रद्द केली होती, त्यांच्याच सरकारनें बारसूच्या सड्यावर पोलिसांच्या बंदोबस्तांत माती-परीक्षण चालविलें.

कारखाना हवा कीं नको, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. बागाइतदार व मच्छीमार यांची भीति खोटी नाहीं. मुलगा मुंबईस जाऊं नये म्हणून गांवांतच रोजगार मागणाऱ्या बापाची आशाहि खोटी नाहीं. परंतु दोघांसहि उद्यांचा विचार आज करावयाचा असतो. नवी कलमें लावावीं कीं जमीन विकावी, हें सभेंतील शब्दावर ठरविणारा फसतो; दप्तरांतील शब्द ज्यास आधीं कळतो तो स्वस्तांत जमीन घेऊन बसतो. बोलणें आणि मनांतील हेतु यांमधील अंतराची किंमत असते, आणि ती नेहमीं दुर्बळाच्या गांठीची जाते.

मत बदलणें हा गुन्हा आहे काय? मुळींच नाहीं. अधिकार हातीं आल्यावर नवे कागद दिसतात, नवे हिशेब कळतात, आणि शहाण्यानें मत बदलावेंहि. पण ज्यानें मत बदललें त्यानें कोणत्या नव्या कारणानें बदललें तें लोकांस सांगावें. कारण सांगितलें तर तो विचार ठरतो. न सांगितलें तर सौदा.

येथें आम्हां मतदारांचाहि दोष आहे. मांडवी हें जुनें बंदर. ज्या व्यापाऱ्यांनीं या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माल उतरवून घेतला, त्यांनीं बिनतारखेची, बिनसहीची हुंडी कधीं स्वीकारली असेल काय? रक्कम किती, देणारा कोण, मुदत कोणती, हें पाहिल्यावांचून दुकानांतील पोरसवदा मुनीमहि कागद हातीं धरणार नाहीं. मग तोच सावध व्यापारी सभेंत गेला म्हणजे तोंडी वचनावर टाळ्या कां पिटतो?

यास उपाय अवघड नाहीं. नगर वाचनालयानें किंवा व्यापारी मंडळानें वचनांची एक वही ठेवावी. कोण, कोठें, कोणत्या तारखेस काय बोलला, त्याचा सरकारी कागद निघाला कीं नाहीं, आणि शब्द फिरविला असल्यास कारण कोणतें दिलें, एवढे रकाने पुरेत. पक्ष कोणताहि असो, रकाने तेच ठेवावे. पुढील निवडणुकींत उमेदवार मतें मागावयास येईल तेव्हां त्याच्यापुढें हार ठेवण्याआधीं ही वही ठेवावी. तीवर सही करण्यास जो कचरेल, त्याच्या मनांतील अर्थ आम्हांस निराळा विचारावा लागणार नाहीं.