खासदार दिल्लीत, वहिवाट इथं



गडहिंग्लजच्या बाजारात प्रचाराची गाडी फिरायला लागली की वाड्यावस्त्यांवर एकच प्रश्न निघतो, "ह्याला मत दिलं तर आपल्या जमिनीचं काय हुईल का?" प्रश्न बरोबर हाय, पण अर्धा हाय. आमदाराकडं काय मागायचं आणि खासदाराकडं काय, हे आधी कळलं पाहिजे.

सदाशिवराव मंडलिकांचं उदाहरण घेऊ. १९७२ ला ते कागलमधून आमदार झाले, पुढंही निवडून आले. १९९८ ला कोल्हापूरचे खासदार झाले, १९९९ आणि २००४ लाही. २००९ ला राष्ट्रवादीनं तिकीट नाकारलं. म्हातारा माणूस अपक्ष उभा राहिला आणि जिंकला. २०१५ ला ते गेले.

यातनं शिकायचं काय? तिकिटापेक्षा बांधलेली माणसं मोठी. पण ती माणसं बांधली गेली कारखाना, पाणी आणि उसाभोवती. ऊसवाला एकजुटीनं बोलतो, म्हणून त्याचं ऐकावं लागतं. आपण जंगलकडेचे चार घरं इथं, सहा तिथं. त्यातच २००८ च्या फेररचनेत गडहिंग्लजचा मतदारसंघ मोडला आणि तालुका कागल-चंदगडात वाटला गेला. आपल्याकडं कारखाना नाही. आपली संस्था म्हणजे ग्रामसभा.

आता कायद्याचं बघा. वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेत मंजूर झाला. पहिलं विधेयक फक्त आदिवासींसाठी होतं. देशभरातल्या चळवळींच्या रेट्यानं संसदेच्या समितीनं इतर पारंपरिक वननिवासीही त्यात घेतले. पण अट घातली : १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात वास्तव्य आणि जंगलावर पोट. आपल्या धनगरवाड्यांचे दावे ह्याच अटीवर अडतात. ही अट आमदार बदलू शकत नाही, ती संसदेतच बदलेल. म्हणून खासदाराला गटार आणि समाजमंदिर मागू नका. त्याला विचारा, "ही अट काढायला लोकसभेत कधी उभा राहणार?"

आमदाराला वेगळं विचारा. दावे तपासणारी उपविभागीय समिती प्रांतसाहेबांची, जिल्हा समिती कलेक्टरची. दोन्ही राज्याची यंत्रणा. किती दावे पडून आहेत, किती फेटाळले, कारण लेखी दिलं का, हे विधानसभेत विचारणं त्याचं काम.

रस्त्याचंही तसंच. "फॉरेस्ट आडवं येतं" हे ऐकून कान किटले. ह्याच कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणं ग्रामसभेनं शिफारस केली तर रस्ता, शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी यांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नसतील तर. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो. ठराव आपला, पैसा त्याचा.

पण पहिलं पाऊल आपलंच. वनहक्क समिती कागदावर असंल तर जागी करा. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, नियमात तो पुरावा धरलाय. वनखात्यानं आजोबाला केलेल्या दंडाची पावती फेकू नका. ज्या कागदानं त्याला गुन्हेगार ठरवलं, तोच आज त्याची वहिवाट सांगतो.

खासदार येतील, जातील. म्हातारी माणसं गेली की साक्ष गेली.