टिकलीमागचा दिवा

डिसेंबर-जानेवारीत तीन आठवडे आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, वेगाच्या काट्याच्या जरा खाली, एक मरून टिकली चिकटवलेली होती. टिकली बायकोची, चिकटवणारा मी. टिकलीच्या मागे पिवळा दिवा जळत होता आणि मला तो बघायचा नव्हता.

तो पहिल्यांदा लागला ती कोल्हापूरला लग्नाला निघालो तेव्हाची पहाट. साडेपाच वाजले होते, पुण्यात त्या दिवशी चांगलीच थंडी होती. किल्ली फिरवली, सगळे दिवे लागले, विझले, एक मात्र राहिला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "काय रे ते? चुलीत काहीतरी पेटलंय?" चित्र खरंच चुलीसारखं असतं. वरून उघडा वाकडा कंस, तळाला दातेरी रेघ आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायर आडवा कापला तर जसा दिसेल तसा तो आकार आहे, हे मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय कुणाच्या बापाला कळणार नाही.

आमच्या गाडीला नुसता दिवा नाही, चारही चाकांतल्या हवेचे आकडे पडद्यावर दिसतात. पुढचं डावं २६, बाकीची ३३, ३३, ३४. हायवेला लागल्यावर पहिल्याच पंपावर थांबलो. हवा भरणारा पोरगा मफलर गुंडाळून बसला होता. त्याने पुढच्या डाव्या चाकाला नळी लावली आणि म्हणाला, "साहेब, ह्यात तेहेतीस हाय की." मी म्हटलं, तरी टाक दोन. त्याने टाकली. "बाकीची बघू का?" "नको, ती ठीक आहेत, दिसतायत इथे."

खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत पुढचं डावं २६ वरच अडून बसलं होतं. मागचं डावं मात्र ३३ वरून ३५ झालं होतं. ते मी पाहिलं. पाहून आईला समजावूनही सांगितलं, की गाडी पळाली की टायर तापतो, आतली हवा फुगते, आकडा वाढतो. आईने "हं" केलं. रहस्यकथेत खुनी पहिल्याच प्रकरणात चहा घेऊन येतो आणि वाचक त्याच्याकडे लक्ष देत नाही, तसं माझं झालं.

लग्नाच्या मांडवात गाडीचं दुखणं सांगू नये. प्रत्येकजण डॉक्टर असतो. एका काकांनी पंक्तीतच निकाल दिला, "सेन्सर गेला." मेहुण्याचं म्हणणं, ही सगळी युरोपातल्या रस्त्यांसाठी केलेली यंत्रं, आपल्या खड्ड्यांत ती वेडी होणारच. शिवाय त्याने जाता जाता सल्ला दिला, की हवा जरा कमीच बरी, उन्हाळ्यात तर हमखास कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही.

हा सल्ला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो साफ उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, जास्त वाकते. वाकून वाकून ती तापते, आणि टायर फुटतो तो बहुतेक वेळा या तापण्याने. फुगा जास्त फुगवला की फुटतो, हे लहानपणचं शिक्षण आपण टायरला लावतो. थंडीचं म्हणाल तर ते खरं आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. दिवाळीआधी भर दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीनेक पीएसआय कमी भरणार, त्यात पंक्चर नसतानाही महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय आपसूक झिरपतो. म्हणून हे दिवे थंडीच्या पहाटे लागतात आणि उन्हं वर आली की आपोआप विझतात, आणि मालकाला वाटतं गाडीला बाहेरची बाधा झाली.

आमचा मात्र विझला नाही. परतल्यावर मी पडद्यावरचं पानच बदललं, हवेऐवजी मायलेजचं लावलं. उरला दिवा. त्याला टिकली.

जानेवारीच्या मध्यावर सिंहगड रोडच्या आतल्या एका गल्लीत पंक्चरच्या दुकानासमोर गाडी लावून मी औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर दुकानातले चाचा गाडीच्या मागे उकिडवे बसलेले. मूळचे केरळचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढलेली की मराठी आपल्यापेक्षा सरळ बोलतात. म्हणाले, "हे चाक कधीपासून असं आहे?" मी म्हटलं, काही नाही हो, रेडियल टायर जरा बसकाच दिसतो. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुकानातून लोखंडी पान्हा आणला आणि गाडीभोवती फिरत एकेका टायरवर मारला. ठण. ठण. ठण. मागच्या डाव्यावर मारला तेव्हा आवाज आला थप, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मीटर लावला, १७.

मग त्यांनी चाक काढलं. डब्यातल्या साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून टायरवर पिळत ते हळूहळू चाक फिरवत राहिले. एका खाचेत बारीकसा बुडबुडा आला, फुगला, फुटला, पुन्हा आला. तिथे खिळ्याचं डोकं होतं, घासून घासून रुपयासारखं चकचकीत झालेलं. पक्कडीने खिळा ओढला, दाभणासारखं हत्यार खुपसून भोक खरवडलं, चिकट रबरी दोरी त्यात दाबून भरली, वरचं टोक ब्लेडने कापलं. हवा भरली. शेवटी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवली आणि क्षणभर टक लावून पाहिलं. बुडबुडा नाही. टोपण लावलं.

मी गाडी चालू केली, टिकली सोलली, हवेचं पान परत लावलं. दिवा होताच. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आलो तोवर विझला होता, आणि पडद्यावर पुढच्या डाव्या चाकात ३३ आलेले होते.

पुढच्या डाव्यात. ज्याला चाचांनी हातही लावला नव्हता.

चाचा हसले. "दिवाळीत सर्व्हिसिंग केली? चाकं फिरवली?" बिलावर 'टायर रोटेशन' अशी ओळ होती खरी. झिजेचा हिशेब सारखा राहावा म्हणून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावतात. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या आतल्या अंगाला एक सेन्सर असतो, त्याला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो रेडिओवरून गाडीला सांगतो, मी अमुक, माझ्यात हवा इतकी. अमुक क्रमांक कुठल्या कोपऱ्यात बसलाय, हे काही गाड्या स्वतः शोधतात, काहींना शिकवावं लागतं. आमची दुसऱ्या जातीची. चाकं फिरवली, गाडीला कुणी सांगितलं नाही. पत्रातला मजकूर खरा होता, पत्ता जुना होता. मी डिसेंबरच्या पहाटे पुढच्या चाकात टाकलेले दोन पीएसआय गाडीने इमानेइतबारे 'मागचं डावं' म्हणून दाखवले, आणि मी आईला पदार्थविज्ञान शिकवलं.

माझ्या मनाला लागली ती गोष्ट वेगळी आहे. त्या पंपावर मी तीन चाकांच्या बाबतीत पडद्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि चौथ्याच्या बाबतीत त्याला खोटारडा ठरवलं. म्हणजे यंत्र 'काही करू नकोस' म्हणालं तेव्हा ते शहाणं, आणि 'खाली उतर' म्हणालं तेव्हा बिघडलेलं. माझे वडील स्कूटरला किक मारण्याआधी दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघायचे. मी गाडीभोवती एक फेरी मारली असती, तर बसकं चाक आईलासुद्धा दिसलं असतं.

पडद्यावर आकडे नसलेल्या, नुसता दिवा असलेल्या गाड्यांची तर आणखी गंमत आहे. अमेरिकेत फायरस्टोनच्या टायरांचं मोठं प्रकरण झालं आणि २००० साली तिथल्या संसदेने कायदा केला, त्यातून हे दिवे सक्तीचे झाले. त्या नियमाप्रमाणे हवा शिफारशीपेक्षा २५ टक्के उतरली की दिवा लागलाच पाहिजे. ३३ चे २५ टक्के काढा. म्हणजे २६ असताना तो दिवा गप्प राहिला तरी नियमात बसतो. काही गाड्यांत तर चाकात सेन्सरच नसतो. हवा कमी असलेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं, त्यावरून ब्रेकच्या यंत्रणेतून अंदाज बांधतात. युक्ती झकास, पण चारही चाकं सारखीच उतरली तर तुलना कुणाशी करणार?

खरा बिघाड पुढे एप्रिलमध्ये झाला. या वेळी दिवा लागला तो उघडझाप करत. मिनिटभर मिचकावला आणि मग स्थिर झाला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरळ लागून राहिला तर बहुतेक गाड्यांत हवा कमी, आधी मिचकावून मग राहिला तर यंत्रणाच आजारी. पडद्यावर एका चाकाच्या जागी आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा होत्या. गाडी सात वर्षांची, आणि सेन्सरमधली बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते. सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या मुलाने संगणकावरून मान न उचलता सांगितलं, "सर, चारही बदलून घ्या, चौघांचं वय एकच." मी विचारलं, नुसता सेल नाही का बदलता येत? त्याने ड्रॉवरमधून एक मेलेला सेन्सर काढून माझ्या तळहातावर ठेवला. काडेपेटीपेक्षा लहान, काळा प्लॅस्टिकचा, एका टोकाला व्हॉल्व्हची दांडी. सेल आतमध्ये ओतीव राळेत गाडलेला. मनगटी घड्याळाचा सेल कोपऱ्यावरचा माणूस दोन मिनिटांत बदलतो, आणि हा सेल मेला की त्याच्याबरोबर सगळा सेन्सर सती जातो. चाकात गरगर फिरायचं, तापायचं, पाण्यात जायचं, म्हणून असं बंद करावं लागतं, हे मला पटतं. चारही बदला हे पटलं नाही. एकच मागवतो म्हटलं. तो आला की चारही चाकांचे पत्ते नव्याने लिहून घ्या, हेही सांगितलं. त्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

तोवर काय? हवा मोजायचा काट्याचा मीटर विकत घेतला. आता दर रविवारी सकाळी, गाडी हलायच्या आत, चारही चाकं मोजतो. सकाळीच, कारण ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर चिकटवलेल्या कागदावरचा आकडा थंड टायरचा असतो. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला, आकडा दोन-तीनने चढलेला, आणि पोरगा विचारतो, "किती टाकू?" की आपण सवयीने "पस्तीस" म्हणतो. हा आकडा आपल्या समाजात कुठून आला कोण जाणे. नॅनो असो की एसयूव्ही, पस्तीस.

मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी आली होती. प्रकरण २०१० च्या अपघाताचं. पुण्याहून मुंबईला जाताना टायर फुटून गाडी दरीत गेली, एक तरुण दगावला. विमा कंपनीचं म्हणणं असं, की टायर फुटणं ही देवाची करणी, आम्ही भरपाई का द्यावी? न्यायालयाने ते मानलं नाही. टायर फुटणं ही देवाची करणी नाही, माणसाचा निष्काळजीपणा आहे, आणि निघण्यापूर्वी टायरची अवस्था चालकाने किंवा मालकाने तपासायला हवी, असं म्हटलं. ती बातमी मी तेव्हा चहाबरोबर वाचली होती आणि मान डोलावली होती. देवाची करणी आणि नारळात पाणी इथपर्यंत ठीक, टायरातली हवा आपल्याकडे. टिकली त्यानंतर लावली.

गेल्या रविवारी बायको गच्चीतून माझी ही पूजा बघत होती. ३३, ३३, ३२, आणि रेघांच्या चाकातही ३३. मी मीटर खिशात घालत होतो, तेवढ्यात ती वरून ओरडली, "आणि डिकीतलं?"

स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या कंपनीने १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला काढलं. कंपनी गेली, इंग्रज आपला शब्द विसरले आणि तो आपल्याकडे राहिला. आता चाकही जाण्याच्या वाटेवर आहे. २०२० पासून आपल्याकडे नियम असा, की टायर ट्यूबलेस असतील आणि गाडीत हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा व पंक्चरचं किट असेल, तर छोट्या मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. आमच्या गाडीला आहे. तिच्यात सेन्सर नाही, दिवा नाही, पडद्यावर तिचा कोपरा नाही.

डिकीतलं सामान काढलं. दोन छत्र्या, आईची घडीची खुर्ची, कोल्हापूरच्या लग्नातली नारळाची पिशवी. चटई उचलली, व्हॉल्व्हचं टोपण सात वर्षांत पहिल्यांदा फिरवलं आणि मीटर दाबला.

"किती?" वरून आवाज आला.

काटा नऊवर थांबला होता.

"बघतोय," मी म्हटलं.