अक्षरांची ऐट

मागच्या वर्षी आमच्या हॉस्टेलचे वॉचमन मामा रिटायर झाले. 26 वर्षं गेटवर काढली त्यांनी. पोरांनी वर्गणी काढली, शाल-श्रीफळ आणलं आणि फ्रेम केलेलं सन्मानपत्र द्यायचं ठरलं. डिझाइनचं काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण मला वर्डमध्ये बॉर्डर टाकता येते! फॉन्ट निवडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. 'ओल्ड इंग्लिश टेक्स्ट'. जाडजूड, टोकदार, किल्ल्याच्या दरवाजासारखा. सन्मानपत्र म्हटलं की तोच, नाही का? मामांचं नाव त्यात, सगळं कॅपिटलमध्ये, चांगलं मोठ्ठं टाकलं.

कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या. नंतर मामा फ्रेम घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाळ, यात माझं नाव कुठलं रे?"

आता हे मामा कोण? आमची कुरिअर, पार्सलं, बँकेची पाकिटं इंग्रजी कॅपिटल अक्षरं लावून लावून वाचणारे आणि बरोबर त्या त्या खोलीत पोचवणारे. ज्या माणसानं आमच्या सगळ्यांची नावं वाचली, त्याला स्वतःचं नाव वाचता आलं नाही. आणि चूक त्याची नव्हती, माझी होती.

मग मी जरा या फॉन्टच्या मागे लागलो. या घराण्याला ब्लॅकलेटर म्हणतात. युरोपात मध्ययुगात रुंद टोकाच्या लेखणीनं लिहिलेली ही अक्षरं. आपल्याकडे बोरूनं बाळबोध गिरवताना जसा जाड-बारीक फटकारा येतो, तसाच इथेही. त्यातल्या 'टेक्स्टुरा' या प्रकाराचं नावच विणकामावरून आलंय. उभ्या काठ्या इतक्या जवळजवळ की पान कापडासारखं घट्ट आणि काळं दिसतं. इंग्रजी 'मिनिमम' हा शब्द त्यात लिहिला तर एका ओळीत 15 जवळजवळ सारख्या काठ्या! गटेनबर्गनं 1455 च्या सुमारास माइन्झमध्ये बायबल छापलं ते याच वळणाच्या खिळ्यांनी, कारण त्याच्या वाचकांना हस्तलिखितांमधून तीच अक्षरं ओळखीची होती.

म्हणजे ही लिपी मुळात अवघड नव्हतीच. ती ज्यांच्या सवयीची होती, ते घडाघडा वाचत. जर्मनीत तर 'फ्राक्टुर' हा तिचा प्रकार विसाव्या शतकापर्यंत पुस्तकांत आणि पेपरांत चालू होता. तिची गच्छंती झाली ती मोठी मजेशीर. नाझींनी आधी हीच खरी जर्मन अक्षरं म्हणून मिरवली. मग 3 जानेवारी 1941 च्या परिपत्रकात तिला 'ज्यू अक्षरं' ठरवून बंद केलं. हा आरोप धादांत खोटा. आणि कहर म्हणजे त्या परिपत्रकाचं लेटरहेडच त्या वळणात छापलेलं! इतिहासकार सांगतात की खरं कारण व्यवहाराचं होतं. जिंकलेल्या देशांतल्या लोकांना ही अक्षरं वाचता येत नव्हती. हुकूम सोडणाऱ्यालासुद्धा कळतं की आधी समोरच्याला वाचता आलं पाहिजे. मग सन्मान करणाऱ्याला कळायला नको?

माझा मित्र म्हणतो, "मग काय कॉमिक सॅन्समध्ये सन्मानपत्र छापायचं?" तसं नाही. ब्लॅकलेटरला रुबाब आहे, तो मलाही आवडतो. पण तो डिस्प्ले फॉन्ट आहे, म्हणजे मोठ्या आकारात, दोन-चार शब्दांपुरता. न्यूयॉर्क टाइम्स बघा. पेपरचं नाव ब्लॅकलेटरमध्ये, बातम्या मात्र साध्या रोमन अक्षरांत. नाव लोकांना पाठ असतं, बातमी वाचावी लागते!

दुसरं म्हणजे यातली कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी मिरवण्यासाठी आहेत. ती शेजारी शेजारी ठेवली की लग्नात सगळेच फेटा बांधून आल्यासारखं होतं, नवरदेव कोण ते कळत नाही. त्यातला 'ए' बघून 'यू' वाटतो, 'आय' आणि 'जे' तर जुळे भाऊ. मी मामांच्या नावाचं नेमकं तेच केलं होतं.

पुढच्या महिन्यात गॅदरिंग आहे. सर्टिफिकेटं छापली जातील आणि कमिटीतला कुणीतरी फॉन्टच्या यादीत 'ओल्ड इंग्लिश'वर जाऊन थांबेल. त्याला एवढंच सांगणं. वरचं शीर्षक खुशाल त्यात टाक, पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी स्मॉल. पण माणसाचं नाव साध्या, स्वच्छ अक्षरांत टाक. मेसच्या काकांचं, सफाईच्या मावशींचं असेल तर देवनागरीत टाक. सर्टिफिकेटवर ज्याच्यासाठी कागद छापला तो एकच शब्द असतो, बाकी सगळी सजावट.

मामांचं सन्मानपत्र मी पुन्हा छापलं, नाव देवनागरीत, आणि गावी कुरिअरनं पाठवलं. त्यांचा फोन आला. म्हणाले, "पोचलं रे. आता भिंतीवर लावतो." म्हणजे पहिलं त्यांनी लावलंच नव्हतं.