मार्ग सांगणाऱ्याची पारख

शाळेच्या संगणक कक्षात काय शिकवावे, याविषयी पालकांत आणि माजी विद्यार्थ्यांत दोन मते आढळतात. टंकलेखन, तक्ते आणि सादरीकरण एवढे पुरे, असे काहींना वाटते. तर थेट नोकरी मिळवून देणारे अभ्यासक्रम हवेत, असा इतरांचा आग्रह असतो. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही या प्रश्नावर आमचे मत निश्चित झाले आहे आणि ते या स्मरणिकेत मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. इंटरनेटवरील संदेशाला वाट कशी सापडते, हे आपल्या मुलांनी सरावाचे जाळे स्वतः उभारून शिकावे.

इंटरनेट ही एकसंध यंत्रणा नव्हे. कंपन्या, विद्यापीठे, बँका आणि शासनसंस्था यांची हजारो स्वायत्त जाळी परस्परांशी जोडली गेली, त्या जोडणीचे हे नाव आहे. प्रत्येक जाळ्याला स्वतःचा क्रमांक असतो. त्याच्या सीमेवरचा राउटर शेजाऱ्याला कळवतो, ‘अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर आमच्याकडून जा.’ शेजारी तेच पुढच्याला सांगतो. या देवाणघेवाणीच्या नियमांना बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी, म्हणतात. १९८९ साली हे नियम प्रथम लिहिले गेले, तेव्हा जोडलेली जाळी थोडी होती. सांगणाऱ्याला तसे सांगण्याचा अधिकार आहे काय, हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती.

या विश्वासाची किंमत २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाला मोजावी लागली. सरकारी आदेशानुसार यूट्यूब देशापुरते बंद करताना पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांच्या गटातील २५६ पत्त्यांची वाट आपल्याकडून असल्याचे घोषित केले. ही घोषणा देशाबाहेर गेली आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने ती पुढे पाठवली. अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्याचे ऐकावे, हा राउटरचा नियम. त्यामुळे जगाच्या मोठ्या भागात सुमारे दोन तास यूट्यूब दिसेनासे झाले. राउटर बिघडले नव्हते. त्यांनी नियम पाळला होता; दावा मात्र खोटा होता.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे. एखादा ताम्रपट समोर आला की तो कोणी दिला, कोणत्या अधिकाराने दिला आणि दुसरे साधन त्यास दुजोरा देते काय, हे आपण विचारतो. बनावट ताम्रपटही पुष्कळदा अस्सलापेक्षा नेमके बोलतात. नेमकेपणा म्हणजे सत्य नव्हे, हे वर्गात वारंवार सांगूनही मुलांच्या मनात पुरते उतरत नाही. स्वतःच्या जाळ्यातला संदेश भलतीकडे गेला, की ते लगेच उतरेल.

यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एका साध्या संगणकावर आभासी राउटर चालवता येतात. जीएनएस३ आणि एफआरराउटिंग ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. त्यांतील एफआरराउटिंग तर प्रत्यक्ष जाळ्यांतही वापरले जाते. खासगी वापरासाठी ६४५१२ ते ६५५३४ हे जाळे-क्रमांक राखून ठेवलेले आहेत. चार गटांना चार क्रमांक द्यावेत. प्रथम त्यांनी परस्परांशी जोडून घ्यावे. मग एक दुवा तोडावा आणि वाट कशी बदलते ते पाहावे. नंतर एका गटाने खोटी घोषणा करावी आणि इतरांनी तिचा उगम शोधून ती अडवणारी गाळणी लावावी. पत्त्यांच्या धन्याने डिजिटल स्वाक्षरीचे अधिकारपत्र नोंदवण्याची आरपीकेआय ही व्यवस्था का आवश्यक ठरली, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही. या जाळ्याचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नसल्याने चुकीचा उपद्रव कोणालाही होणार नाही.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात दरवर्षी सुमारे शंभर विद्यार्थी शेकडो राउटरांचे असे लघु-इंटरनेट मिळून चालवतात. ते अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, हे खरे. प्रत्यक्ष जाळ्यांवरचा ताण आणि त्यांच्यातील आर्थिक व्यवहार सरावात पूर्णपणे उतरत नाहीत, हेही खरे. दहावीच्या गुणपत्रिकेत याला रकाना नाही, हा पालकांचा आक्षेपही आम्ही जाणतो. परंतु चार राउटरांचा खेळ नववीच्या मुलांना झेपण्याजोगा आहे. आपली मुले मोबाइल सराईतपणे वापरतात. पडद्यामागची वाट कोण ठरवतो, हे मात्र त्यांना कोणी दाखवलेले नाही. जी यंत्रणा केवळ वापरायची असते, तिच्यापुढे माणूस ग्राहक म्हणूनच उभा राहतो. जी उभारून, मोडून, पुन्हा जोडून पाहिली, तिला तो प्रश्न विचारू शकतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. देणगीचे आम्ही स्वागतच करू. परंतु आपल्यापैकी जे जाळे-व्यवस्थापनाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार वसतिगृहातील मुलांसाठी द्यावा. संगणक शाळेत आहेत. उणीव आहे ती शेजारी बसून, ‘हे तुला कोणी सांगितले, आणि तू ते का मानलेस?’ असे विचारणाऱ्या जाणकाराची.